टोल घटला, वचन बाकी

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरील प्रिन्स एडवर्ड आयलंड या बेटवजा प्रांतातून बाहेर पडणाऱ्या मोटारीला ३१ जुलै २०२५ पर्यंत ५० डॉलर २५ सेंट टोल भरावा लागत होता. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ ऑगस्टपासून, तो २० डॉलरवर आला. पंतप्रधान मार्क कार्नी यांनी निवडणुकीत दिलेले आश्वासन पाळले आणि बेटवासीयांनी त्याचे स्वागतही केले. मात्र हा आनंद साजरा होत असतानाच एक जुना प्रश्न पुन्हा वर आला. देशाच्या एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्यासाठी नागरिकाने पैसे मोजावेत काय, आणि मोजायचेच असतील तर मग दीडशे वर्षांपूर्वी दिलेल्या वचनाचा अर्थ काय?

हा प्रश्न केवळ एका पुलाचा नाही. रस्ते, बोटी, वीज, पाणी, दूरध्वनी या सर्वच सुविधांच्या बाबतीत लहान बेटाला मुख्य भूमीकडे पाहावे लागते. त्या सुविधांचा खर्च कोणी उचलायचा आणि त्यांच्यावरचे नियंत्रण कोणाचे, यावर प्रिन्स एडवर्ड आयलंडचे सारे राजकारण आजवर फिरत आले आहे. संघराज्यातील सर्वांत लहान घटकाला मोठ्या घटकांच्या बरोबरीने वागवायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा हा अभ्यास करण्याजोगा नमुना आहे.

वचन कागदावर, बोट बर्फात

या प्रांताचे क्षेत्रफळ सुमारे ५,६६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याहून थोडेसेच अधिक. लोकसंख्या मात्र जेमतेम पावणेदोन लाखांच्या घरात. तांबडी माती, बटाट्याची शेती, मासेमारी आणि उन्हाळ्यातील पर्यटन यांवर बेटाचा संसार चालतो. न्यू ब्रन्सविक आणि नोव्हा स्कोशिया या शेजारच्या प्रांतांपासून त्याला वेगळी करणारी नॉर्थम्बरलँड सामुद्रधुनी सर्वांत अरुंद ठिकाणी अवघी १३ किलोमीटर रुंद आहे. उन्हाळ्यात हे अंतर किरकोळ वाटते. हिवाळ्यात मात्र सामुद्रधुनी तरंगत्या बर्फाने भरते. हा बर्फ एका जागी गोठून राहत नाही. वारा आणि भरती-ओहोटी यांच्याबरोबर तो सरकत राहतो. त्यामुळे त्यावरून गाडी नेता येत नाही आणि त्यातून साधी बोटही जात नाही.

एकोणिसाव्या शतकात या अडचणीवर जो उपाय होता तो आज अविश्वसनीय वाटावा असा आहे. तळाला धातूची पट्टी मारलेल्या लहान होड्या पाण्यातून वल्हवायच्या आणि बर्फ लागला की खांद्याला पट्टे बांधून ओढायच्या. टपाल याच मार्गाने जाई आणि प्रवासीही. जो प्रवासी होडी ओढायला हात लावील त्याला भाडे कमी पडे. दळणवळणाच्या इतिहासात भाडेसवलतीचा इतका कष्टाचा प्रकार दुसरा क्वचितच सापडेल.

कॅनडाच्या एकीकरणाची पहिली परिषद १८६४ मध्ये या बेटाच्याच राजधानीत, शार्लटटाउन येथे भरली. तरीही १८६७ मध्ये संघराज्य स्थापन झाले तेव्हा बेट त्यात सामील झाले नाही. सामील होण्यास त्याला सहा वर्षे लागली आणि त्यामागे वैचारिक परिवर्तनापेक्षा कर्जाचे कारण मोठे होते. १८७१ मध्ये बेटाने स्वतःचा लोहमार्ग बांधायला घेतला. कंत्राटदाराला पैसे मैलाच्या हिशेबाने मिळायचे आणि मार्गाची एकूण लांबी ठरवून दिलेली नव्हती. मग मार्ग टेकडी दिसली की वळला आणि गाव दिसले की वाकला. वळणे वाढली तशी कर्जाची रक्कमही वाढली. तिजोरी रिकामी होण्याची वेळ आली तेव्हा ओटावाकडे हात पसरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १ जुलै १८७३ रोजी बेट कॅनडाचा सातवा प्रांत झाले.

मात्र बेटाच्या नेत्यांनी सौदा डोळे मिटून केला नाही. लोहमार्गाचे कर्ज केंद्राने घेतले. बेटाची बरीचशी जमीन इंग्लंडमध्ये राहणाऱ्या जमीनदारांच्या हाती होती. ती सोडवून घेण्यासाठी आठ लाख डॉलरची तरतूद झाली. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, बेट व मुख्य भूमी यांच्यामध्ये टपाल आणि प्रवाशांसाठी हिवाळा-उन्हाळा बारमाही, कार्यक्षम वाफेच्या बोटीची सेवा केंद्र सरकार चालवील आणि तारयंत्राचा संपर्कही राखील, असे कलम विलीनीकरणाच्या अटींत घालण्यात आले. दळणवळण ही या प्रांताच्या बाबतीत सरकारी योजना नव्हती, ती घटनात्मक अट होती. बेटवासीयांची पुढील दीडशे वर्षांची सारी भांडणे या एका कलमाच्या आधाराने झाली आहेत.

वचन देणे सोपे होते. ते पाळण्यासाठी १८७६ मध्ये आणलेली 'नॉर्दर्न लाइट' ही बोट हिवाळ्यात वरचेवर बर्फात अडकून पडू लागली. त्यामुळे बोट केंद्राची असली तरी टपाल होड्यांतूनच जात राहिले. गाऱ्हाणे लंडनपर्यंत गेले. १८८८ मध्ये 'स्टॅन्ली' आणि त्यानंतर अकरा वर्षांनी 'मिंटो' या अधिक सक्षम बर्फफोड्या बोटी आल्या, तरी सेवा बारमाही झाली नाही. अखेर १९०१ मध्ये केंद्राने वार्षिक ३० हजार डॉलर जादा अनुदान देऊन वचनभंगाचा हिशेब मिटवला. कलम मोडल्याची भरपाई रोखीने देता येते, हा पायंडा तेव्हा पडला. आगगाडीचे डबेच पोटात घेऊन जाणारी बोट आणि बोर्डन येथील नवे बंदर १९१७ मध्ये सुरू झाले तेव्हा कुठे होडी ओढण्याची पाळी संपली.

पुलाचे राजकारण

सामुद्रधुनीखालून बोगदा काढावा, अशी मागणी १८८० च्या दशकापासून होत होती. प्रत्येक निवडणुकीत ती डोके वर काढी आणि निकालानंतर विरून जाई. १९६२ मध्ये पंतप्रधान जॉन डीफेनबेकर यांनी भराव आणि पूल यांच्या जोडमार्गाची घोषणा केली. त्यांच्यानंतरच्या सरकारने जोडरस्त्यांची कामेही सुरू केली. पण १९६९ मध्ये पिअरे ट्रूडो यांच्या सरकारने तो प्रकल्प गुंडाळला आणि त्याऐवजी बेटाच्या सर्वांगीण विकासाची पंधरा वर्षांची योजना पुढे केली. शाळा आणि रस्ते त्यातून झाले. सामुद्रधुनीचे घोंगडे मात्र भिजतच राहिले.

१९८० च्या दशकाच्या मध्यास खासगी कंपन्यांनी कायमस्वरूपी जोडणीचे प्रस्ताव आपणहून सरकारपुढे ठेवले तेव्हा चित्र बदलले. प्रांताचे तत्कालीन प्रमुख जो घिझ यांनी निर्णय स्वतःच्या अंगावर न घेता १८ जानेवारी १९८८ रोजी लोकमत घेतले. ५९.४ टक्के मते पुलाच्या बाजूने पडली. दहांपैकी चार जणांना आपले बेट बेटच राहावे असे वाटत होते, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे. त्यांतील सर्वच भावनेच्या आहारी गेलेले नव्हते. पुलाचे खांब बर्फ अडवून धरतील, वसंतात तो उशिरा वितळेल आणि शेवंडांचा हंगाम बुडेल, ही कोळ्यांची भीती व्यावहारिक होती. पर्यावरणविषयक मंडळाने १९९० मध्ये मूळ संकल्पना याच कारणाने नाकारली. त्यानंतर तज्ज्ञांनी निकष ठरवला. पुलामुळे बर्फ हटण्यास शंभर वर्षांत दोन दिवसांहून अधिक विलंब होता कामा नये. मुख्य खांबांमध्ये २५० मीटरचे अंतर आणि पाण्याच्या पातळीवर बर्फ वर चढून आपल्याच वजनाने मोडावा म्हणून शंकूच्या आकाराची ढाल, ही पुलाची ओळख बनलेली रचना या विरोधातूनच जन्माला आली. विरोधकांनी प्रकल्प अडवला, असे सरसकट म्हटले जाते. येथे विरोधकांनी तो सुधारला.

न्यायालयातही लढाई झाली. विलीनीकरणाच्या अटीत वाफेच्या बोटीचा उल्लेख असताना बोट बंद करून पूल बांधता येतो का, हा मुद्दा निघाला. परिणामी कॅनडाला राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली. तिची प्रक्रिया १९९३ मध्ये सुरू होऊन १९९४ मध्ये पुरी झाली. बोटसेवेच्या जागी कायमस्वरूपी पूल चालेल, असे त्यात म्हटले गेले. एका पुलासाठी राज्यघटना बदलल्याचे उदाहरण जगात विरळाच.

३१ मे १९९७ रोजी कॉन्फेडरेशन ब्रिज वाहतुकीस खुला झाला. १२.९ किलोमीटर लांबीचा हा पूल हिवाळ्यात गोठणाऱ्या पाण्यावरचा जगातील सर्वांत लांब पूल मानला जातो. सुमारे १९२ मीटर लांबीचे आणि साडेसात हजार टनांचे मुख्य तुळईचे तुकडे किनाऱ्यावर ओतून 'स्वानेन' नावाच्या तरंगत्या अजस्र क्रेनने समुद्रात नेऊन बसवण्यात आले. सर्वसाधारण उंची ४० मीटर आणि जहाजांच्या वाटेवर ६० मीटर. आयुर्मान शंभर वर्षांचे धरलेले. पूर्वी बोटीच्या रांगेत तासन्‌तास घालवणाऱ्यांना आता दहा-बारा मिनिटे पुरतात. पर्यटकांची संख्या पहिल्याच वर्षी उसळली. बटाटे आणि मासळीच्या ट्रकना वेळेचा भरवसा आला. दुसऱ्या बाजूला बोटीवर पोट असलेल्या शेकडो कुटुंबांचा रोजगार गेला आणि बोर्डन व केप टॉर्मेंटाइन या बंदरगावांची कळा उतरली.

पैशाचे गणित

सुमारे एक अब्ज डॉलर खर्चाचा हा पूल सरकारने आपल्या पैशाने बांधला नाही. स्ट्रेट क्रॉसिंग या खासगी कंपनीने तो बांधला. केंद्राने तिला ३५ वर्षे दरवर्षी १९९२ च्या किमतीने ४ कोटी १९ लाख डॉलर, महागाईनुसार वाढवून, देण्याचे मान्य केले. बोटसेवेवर जो तोटा सोसावा लागत होता तोच पुलाकडे वळवायचा, असा त्यामागचा हिशेब होता. या हमीच्या बळावर रोखे विकून भांडवल उभे राहिले. शिवाय टोलचे उत्पन्न कंपनीकडे. टोल दरवर्षी वाढवता येईल, मात्र ती वाढ महागाईच्या दराच्या तीन चतुर्थांशांहून अधिक नसावी, असे बंधन होते. २०३२ मध्ये करार संपेल आणि पूल केंद्र सरकारच्या ताब्यात येईल.

कागदावर व्यवस्था चोख होती. वाटपाचा प्रश्न मात्र सुटला नाही. १९९७ मध्ये मोटारीला ३५ डॉलर असलेला टोल पन्नाशीच्या पुढे गेला. टोल घेतला जातो तो बेट सोडताना. दोन्ही वेळचे पैसे एकदाच. त्यामुळे बेटावर यायला काही लागत नाही, सुटका करून घ्यायला मात्र मोजावे लागते, हा विनोद तिथे घरोघरी ऐकू येतो. त्यामागची वस्तुस्थिती विनोदी नाही. बेटावर उपलब्ध नसलेल्या विशेष उपचारांसाठी रुग्णांना हॅलिफॅक्स किंवा मॉन्क्टनला जावे लागते. खत, इंधन, यंत्रांचे सुटे भाग, किराणा यांच्या किमतीत ट्रकचा टोल मिसळलेला असतो. म्हणजे ज्याने पूल कधी ओलांडला नाही तोही टोल भरतच असतो.

तक्रारीला धार आली ती माँट्रियलमुळे. तेथील जुन्या शॅम्प्लेन पुलाच्या जागी केंद्राने नवा पूल बांधला. त्यावर टोल बसवण्याचा आधीच्या सरकारचा विचार जस्टिन ट्रूडो यांच्या सरकारने रद्द केला आणि २०१९ मध्ये तो पूल विनाशुल्क खुला झाला. दोन्ही पूल केंद्राच्या जबाबदारीतले. एका ठिकाणी मतदार लाखोंनी, दुसऱ्या ठिकाणी चार खासदारांपुरते. बेटाचे सिनेटर पर्सी डाउन यांनी ही विषमता वर्षानुवर्षे ओटावासमोर मांडली. न्यायाचा हा मुद्दा बिनतोड होता, तरीही त्याला उत्तर मिळण्यासाठी २०२५ उजाडावे लागले. अमेरिकेने लादलेल्या आयातशुल्कामुळे देशांतर्गत व्यापारातील अडथळे दूर करण्याची भाषा ओटावात सुरू झाली तेव्हा टोल हाही एक अडथळाच आहे, हे एकाएकी सर्वांना पटले. वूड आयलंड्स ते कॅरिबू या दुसऱ्या मार्गावरील बोटीचे भाडेही त्याच वेळी निम्म्यावर आणले गेले.

या सवलतीचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. टोल घटला म्हणजे पुलाचा खर्च घटला नाही. कंपनीच्या उत्पन्नातील तूट केंद्राच्या तिजोरीतून भरली जाणार, म्हणजे भार प्रवाशाकडून करदात्याकडे सरकला. विलीनीकरणाच्या अटीशी हे सुसंगतच आहे. पण सवलत सरकारी निर्णयाने आली आहे, हक्काने नव्हे. जे एका सरकारने दिले ते दुसरे काढून घेऊ शकते. २०३२ नंतर पूल केंद्राचा झाला की टोल राहील की जाईल, पस्तिशीत आलेल्या पुलाच्या देखभालीचा पैसा कोठून येईल, याचा निर्णय त्याआधी व्हावा लागेल.

एकाच दोरीवर भार

पुलाने बेट जोडले, पण त्याला एका पुलावर अवलंबूनही केले. वारा ताशी ७० किलोमीटरच्या वर गेला की उंच ट्रक आणि दुचाकी यांना पुलावर मज्जाव होतो. वादळात पूल पूर्ण बंद ठेवावा लागतो. पर्यायी बोट केवळ मे ते डिसेंबर चालते. तीही खात्रीची नाही. २२ जुलै २०२२ रोजी 'हॉलिडे आयलंड' या बोटीच्या इंजिनकक्षात आग लागली. दोनशेहून अधिक प्रवासी सुखरूप बाहेर काढले गेले, मात्र बोट कायमची निकामी झाली. लोहमार्गाचा पर्याय तर १९८९ च्या अखेरीसच संपला. ज्याच्या कर्जाने बेट संघराज्यात आले तो लोहमार्ग उखडण्यात आला आणि चारशेहून अधिक किलोमीटरच्या त्या वळणदार वाटेवर आज सायकली चालतात. रस्ते हाच आधार उरला. त्यांच्यासाठी लागणारी टणक खडी बेटाच्या मऊ वालुकाश्मात मिळत नाही, तीही बाहेरून आणावी लागते. १९०८ मध्ये मोटारींवर बंदी घालणाऱ्या आणि १९१९ पर्यंत ती या ना त्या स्वरूपात टिकवणाऱ्या बेटाला आज मोटारीवाचून पर्याय नाही, हा काळाचा महिमा. ग्रामीण भागात दोन डॉलरमध्ये बस देण्याचा प्रयोग २०२१ पासून सुरू झाला. बेटाच्या दृष्टीने तो छोटा असला तरी योग्य दिशेचा आहे.

विजेची कथाही अशीच आहे. १९७० च्या दशकातील तेलटंचाईपर्यंत बेट आपली वीज तेल जाळून बनवी. तेलाचे भाव भडकले तेव्हा १९७७ मध्ये सामुद्रधुनीच्या तळातून प्रत्येकी १०० मेगावॉटच्या दोन केबल टाकून न्यू ब्रन्सविककडून वीज घेण्यात आली. त्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून २०१७ मध्ये प्रत्येकी १८० मेगावॉटच्या आणखी दोन टाकल्या. सुमारे १४ कोटी डॉलर खर्चापैकी जवळपास निम्मा वाटा केंद्राने उचलला. बेटाजवळ स्वतःची संपत्ती एकच, वारा. नॉर्थ केप येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी पवनचक्क्यांचे चाचणी केंद्र उभे राहिले आणि २००१ मध्ये प्रांताच्या ऊर्जा महामंडळाने तेथेच पहिली व्यापारी पवनविद्युत योजना सुरू केली. आज वाऱ्याच्या विजेचा वाटा लक्षणीय आहे. पण वारा मागणीचे वेळापत्रक पाहून वाहत नाही. कडाक्याच्या थंडीत, जेव्हा घराघरांतील विजेवर चालणारे उष्मापंप एकाच वेळी सुरू होतात, तेव्हा केबलचाच आधार. आणि त्याच रात्री न्यू ब्रन्सविकलाही थंडी वाजत असते. केबलची क्षमता कितीही असली तरी पलीकडच्या वाहिन्या आणि पलीकडची शिल्लक यांवर बेटाचा दिवा अवलंबून राहतो. म्हणूनच मॅरिटाइम इलेक्ट्रिक या वीज कंपनीने २०२४ च्या अखेरीस बेटावरच नवी जनित्रे उभारण्याची परवानगी नियामक आयोगाकडे मागितली. चाळीस-पन्नास वर्षे इंधन जाळण्यापासून दूर जाण्याचा प्रयत्न केलेल्या बेटाने पुन्हा तिकडे वळावे काय, हा वाद त्यातून निर्माण झाला. ग्राहकाला वीज स्वस्त हवी, स्वच्छ हवी आणि खात्रीचीही हवी. लहान बाजारपेठेत या तिन्ही गोष्टी एकत्र नांदत नाहीत.

२४ सप्टेंबर २०२२ च्या 'फिओना' वादळाने या दुबळेपणावर बोट ठेवले. केबल शाबूत राहिल्या, पूलही टिकला. कोसळले ते गावोगावचे लाकडी खांब आणि त्यांवर पडलेली झाडे. जवळजवळ सारे बेट अंधारात गेले. काही घरांत वीज परत यायला तीन आठवड्यांच्या आसपास काळ लागला. वीज गेली तशी मोबाइलची मनोऱ्यांवरील यंत्रणाही थांबली. आपत्तीत मदत मागायची तर फोन नाही आणि सूचना द्यायची तर इंटरनेट नाही. उत्तर अमेरिकेतील पहिली यशस्वी समुद्राखालची तार १८५२ मध्ये याच बेटाला जोडणारी होती. फ्रेडरिक गिस्बोर्न यांनी ती टाकली होती. तिच्या देखभालीचे दायित्व केंद्राने १८७३ मध्ये पत्करले. आज तारेची जागा घेणाऱ्या सेवा खासगी कंपन्यांच्या हाती आहेत आणि वादळाच्या रात्री त्यांना जाब विचारण्याचे अधिकार प्रांताकडे फारसे नाहीत. अब्जावधी डॉलरच्या जोडणीइतकेच गल्लीतील खांबाचे, मनोऱ्याखालच्या बॅटरीचे आणि झाडांच्या छाटणीचे महत्त्व असते, हा फिओनाचा धडा. या कामांची उद्‌घाटने होत नाहीत, म्हणून ती मागे पडतात.

पाणी मात्र आयात होत नाही

एका बाबतीत बेट पूर्णतः स्वतःच्या पायावर उभे आहे. पिण्याचे सारे पाणी भूगर्भातून येते. मोठ्या नद्या नाहीत, पाणीपुरवठ्याची धरणे नाहीत. पुष्कळशी घरे स्वतःच्या विहिरीवर विसंबून आहेत. भेगाळलेल्या वालुकाश्मातून पाणी सहज झिरपते, तशीच बटाट्याच्या शेतातील खतांची नायट्रेटेही झिरपतात. शेतीसाठी मोठ्या क्षमतेच्या विहिरी खोदण्यावर प्रांताने २००२ मध्ये स्थगिती आणली. दोन दशके चाललेल्या त्या वादात एकीकडे बटाटा उत्पादक आणि प्रक्रिया उद्योग, तर दुसरीकडे पर्यावरणवादी आणि मच्छीमार होते. २०१७ मध्ये संमत झालेला जलकायदा २०२१ मध्ये लागू झाला आणि त्यानंतर स्थगितीच्या जागी नियमांची चौकट आली. राजधानी शार्लटटाउनच्या उपशामुळे विंटर नदीच्या खोऱ्यातील एक ओढा २०११ च्या उन्हाळ्यात कोरडा पडला होता. त्यानंतर शहराने नव्या ठिकाणी विहिरी घेतल्या आणि पाण्याला मीटर बसवले. वीज पलीकडून आणता येते, खडी आणता येते. पाणी आणता येत नाही, हे बेटाला त्या ओढ्याने शिकवले.

या मर्यादा अलीकडे अधिकच जाणवू लागल्या आहेत. १ लाख ४३ हजारांच्या आसपास असलेली २०१६ ची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत १ लाख ५४ हजारांवर गेली आणि नंतरही वाढतच राहिली. पुलाने एकेकाळी तरुणांना बाहेर जायला वाट दिली. नंतर त्याच वाटेने बाहेरून माणसे आली, त्यांत भारतीय विद्यार्थी आणि कामगारही मोठ्या संख्येने होते. घरे, दवाखाने आणि अन्य सेवांवर ताण आल्याचे सांगून प्रांताने २०२४ मध्ये कायम वास्तव्यासाठीच्या शिफारशींत कपात केली, विक्री आणि सेवाक्षेत्रातील कामगारांच्या बाबतीत अधिकच. त्या वर्षीच्या मे महिन्यात शार्लटटाउनमध्ये भारतीय तरुणांनी धरणे धरले आणि उपोषणही केले. सुविधा अपुऱ्या पडतात तेव्हा त्याची किंमत सर्वांत आधी कोण मोजतो, याचे उत्तर त्या उपोषणात होते. जो शेवटी आला आणि ज्याला मत नाही, तो.

२०३२ पूर्वीचा गृहपाठ

प्रिन्स एडवर्ड आयलंडचा अनुभव दोन टोकांच्या भूमिकांना छेद देतो. पूल झाला म्हणजे बेटाचे प्रश्न मिटले, ही एक. पुलाने बेटाचे बेटपण संपवले, ही दुसरी. पूल झाल्याने बेट गरिबीतून एका झटक्यात वर आले नाही आणि त्याची ओळखही पुसली गेली नाही. झाले ते एवढेच, की अवलंबित्वाचे रूप बदलले. होडी ओढणाऱ्या प्रवाशाच्या जागी टोल भरणारा ट्रकवाला आला, तेलाच्या जहाजाच्या जागी समुद्रतळाची केबल आली.

अवलंबित्व टाळता येत नसेल तर ते निदान विश्वासार्ह असावे, ही बेटाची रास्त अपेक्षा आहे. त्यासाठी तीन गोष्टी लागतील. पुलाचा करार संपण्यापूर्वी टोल आणि देखभाल यांविषयीचा निर्णय कायद्याच्या स्वरूपात व्हावा, तो निवडणुकीच्या घोषणेवर राहू नये. बोटीचा दुसरा मार्ग नफ्या-तोट्याच्या तराजूत न तोलता पुलाचा पर्याय म्हणून जपावा. आणि बेटाच्या आतली यंत्रणा, म्हणजे खांब, विहिरी, मनोरे आणि बस, ही केंद्राच्या पैशाची वाट न पाहता प्रांताने स्वतः मजबूत करावी. पहिल्या दोन गोष्टी ओटावाकडे मागायच्या आहेत, तिसरी शार्लटटाउनने स्वतःकडे मागायची आहे. बेटाच्या राजकारणात पहिल्या प्रकारच्या मागण्यांना नेहमीच टाळ्या मिळतात. दुसऱ्या प्रकारच्या मागणीचे कष्ट मात्र घरच्यांनाच उपसावे लागतात.

१८७३ च्या कलमात 'कार्यक्षम' असा शब्द होता. बोट असावी एवढेच त्या पिढीने मागितले नव्हते, ती वर्षभर आणि भरवशाने चालावी असे मागितले होते. २० डॉलरचा टोल हा त्या शब्दाच्या दिशेने टाकलेला एक हप्ता आहे. पूर्ण देणे चुकते झाले की नाही, हे २०३२ मध्ये पुलाच्या किल्ल्या ओटावाच्या हाती येतील तेव्हा ठरेल.